गाडी मोकळी कधी होते? अंबाजोगाई परिसरातल्या रुग्णवाहिकांच्या गणिताच्या नोंदी

3 जून

लॉगबुक हातात आलं. निळ्या पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेले, मधल्या काही पानांवर पावसाचं पाणी उतरून शाई पसरलेली. रकाने छापील आहेत: कॉल आला, गाडी निघाली, घटनास्थळी पोचली, तिथून निघाली, दवाखान्यात पोचली, मोकळी झाली, किलोमीटर. पहिले पाच रकाने नीट भरलेत. 'मोकळी झाली' हा रकाना मात्र ओळीमागून ओळी कोरा, कुठं नुसती तिरपी रेघ. मला नेमका तोच पाहिजे आहे.

काम असं: केज, धारूर, वडवणी, अंबाजोगाई आणि परळी या पाच तालुक्यांत रुग्णवाहिका किती लागतात आणि त्या कुठं उभ्या राहिल्या पाहिजेत, याचं गणित मांडायचं. मी संख्याशास्त्र शिकवतो. सोबत एम.एस्सी.च्या तीन विद्यार्थिनी आहेत. त्या फक्त वेळा उतरवून घेतात, रुग्णाच्या नाव-गावाच्या रकान्यावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवून. ज्यांनी विश्वासानं लॉगबुक दिलं त्यांचे मूळ आकडे या नोंदींत येणार नाहीत. गणित दाखवायला गोल आकडे घेतो. जिथं 'धरू' लिहिलंय, तो आकडा धरलेलाच समजावा.

5 जून

आधी सरकारी हिशोब बघितला. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष लोकसंख्येवर आहे: एक लाख माणसांमागे एक बेसिक गाडी, पाच लाखांमागे एक ॲडव्हान्स, म्हणजे गंभीर रुग्णांसाठी जास्त उपकरणं असलेली. बीड जिल्ह्याची 2011 ची लोकसंख्या 25,85,049. म्हणजे 26 बेसिक, 5 ॲडव्हान्स. राज्यात 108 ची सेवा 2014 मध्ये सुरू झाली ती 937 गाड्यांवर, त्यांतल्या 233 ॲडव्हान्स आणि 704 बेसिक. 2011 च्या लोकसंख्येला भागलं की गाडीमागे साधारण 1 लाख 20 हजार माणसं येतात. गाडीसोबत डॉक्टर असतो, ही आपल्या राज्याची मोठीच जमेची बाजू. पोचायचं उद्दिष्ट शहरात 20 मिनिटं, ग्रामीण भागात 30.

पण लाखाला एक हा हिशोब जमिनीवर टेकत नाही. 2011 ला मुंबई उपनगर जिल्ह्यात चौरस किलोमीटरला 20 हजारांवर माणसं होती, बीड जिल्ह्यात 242. एक लाख माणसं तिकडं 5 चौरस किलोमीटरमध्ये मावतात, इकडं त्यांना 413 लागतात. अंतर क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतं. तीच एक गाडी इकडं सरासरी नऊपट लांब पळते, आणि नऊपट लांब पळणारी गाडी परतही तितक्याच लांबून येते. निकषात हे कुठंच नाही.

9 जून

पहिलं गणित केलं. एका गाडीला दिवसाला 6 कॉल धरू. एक फेरी अशी धरली: निघायला 3 मिनिटं, गावात पोचायला 25, तिथं 12, दवाखान्यापर्यंत 35, रुग्ण ताब्यात द्यायला 20. एकूण 95 मिनिटं.

6 कॉल गुणिले 95 मिनिटं, भागिले दिवसाची 1440 मिनिटं: 0.396. हा झाला भार. आता प्रश्न, सातवा फोन वाजला तेव्हा गाडी बाहेर असण्याची शक्यता किती? हेच कोडं एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञानं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत सोडवलं होतं. कॉल कसेही, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे येतात हे त्यानं 1909 मध्ये मांडलं, आणि सगळ्या लाइनी गुंतलेल्या असण्याची शक्यता काढायचं सूत्र 1917 मध्ये दिलं. टेलिफोनच्या लाइनीच्या जागी गाडी ठेवली की सूत्र तसंच चालतं. एकच गाडी असेल तर उत्तर सोपं आहे: भार भागिले (1 अधिक भार). म्हणजे 28 टक्के.

दर शंभरातल्या 28 जणांना पहिल्या फोनवरच 'गाडी बाहेर आहे' असं ऐकावं लागतं. आणि सहाही कॉल घेतले तरी ही गाडी दिवसात साडेनऊ तासच कामात असते. कागदावर बघणाऱ्याला वाटेल, गाडीला भरपूर सवड आहे.

17 जून

पायलटदादांना वरचा कागद दाखवला. (108 च्या चालकाला इकडं सगळे पायलटच म्हणतात.) त्यांनी बोनेटवर कागद पसरला, बोट ठेवत एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

"सर, तुम्ही गाडी दवाखान्याच्या दारातच सोडली की. ती परत कोण आणायचं?"

परतीचा प्रवास मी धरलाच नव्हता. तिन्ही विद्यार्थिनींनी गणित तपासलं होतं, मी दोनदा तपासलं होतं, आणि चौघांच्याही नजरेतून तो सुटला. गाडी परतीच्या वाटेवर असताना कॉल घेऊ शकते हे खरं. पण आपल्या गावापासून ती तेव्हाही लांबच असते. तीस मिनिटांच्या दृष्टीनं ती बाहेरच. परतीची 35 मिनिटं धरली की फेरी 130 मिनिटांची होते, भार 0.54, आणि गाडी बाहेर असण्याची शक्यता 35 टक्के. 28 वरून 35. एका वाक्यानं.

इथून पुढं पायलटांनी बघितल्याशिवाय कुठलाही तक्ता पक्का करायचा नाही, असं आम्ही ठरवलं.

26 जून

आज एका फेरीत सोबत गेलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. जे घडलं ते कुठंही घडतं.

रुग्ण आत गेला तो गाडीच्याच स्ट्रेचरवर. आत खाट रिकामी नव्हती. तपासणी सुरू झाली, सलाईन लागलं, नातेवाईक केसपेपर काढायला धावले, आणि रुग्ण त्याच स्ट्रेचरवर. पायलटदादा दाराशी उभे. गाडीचं मागचं दार उघडं, आत स्ट्रेचरचे दोन रूळ नुसते चमकत होते. मी विचारलं, आता गाडी मोकळी धरायची का? म्हणाले, "मोकळी कशी? स्ट्रेचर आतच हाय ना अजून." मध्ये एक फोन आला. त्यांनी सांगितलं, स्ट्रेचर अडकलंय.

लॉगबुकातली ती तिरपी रेघ म्हणजे काय, ते आज कळलं. गाडी केव्हा मोकळी झाली हे पायलटलाच नक्की सांगता येत नाही. दवाखान्यात पोचली तेव्हा, रुग्ण उतरला तेव्हा, की स्ट्रेचर हातात आलं तेव्हा?

रात्री गणित केलं. ताब्यात द्यायच्या 20 मिनिटांची 50 झाली तर फेरी 160 मिनिटांची होते, आणि गाडी बाहेर असण्याची शक्यता 35 वरून 40 टक्क्यांवर जाते. तेच 20 चे 10 केले तर 33 वर उतरते. सहा फेऱ्यांत अर्धा-अर्धा तास म्हणजे दिवसाचे तीन तास. दवाखान्याच्या दारात जादा स्ट्रेचर ठेवलं, आलेलं भरलेलं आत आणि रिकामं बाहेर अशी अदलाबदल केली, तर हे तीन तास परत मिळतात. नव्या गाडीच्या किमतीशी तुलना केली तर हा खर्च नगण्य आहे. अहवालात ही शिफारस सगळ्यात वर टाकणार.

4 जुलै

रेफर. या एका शब्दाभोवती सगळं फिरतं.

तालुक्याच्या ठिकाणाहून रुग्णाला लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवायचं म्हटलं की गाडी निम्मा दिवस गेली. एक रेफर 6 तासांचं धरू. सहा कॉलांतला एक कॉल असा असला की फेरीची सरासरी 130 वरून 168 मिनिटांवर जाते, भार 0.70 होतो आणि गाडी बाहेर असण्याची शक्यता 41 टक्के. कॉलची संख्या तीच, सहा. महिन्याच्या तक्त्यात काहीच बदललेलं दिसणार नाही. पण तो एक रेफर जवळजवळ तीन साध्या कॉलांएवढी गाडी खातो.

एक दिलासा गणितानंच दिला. मला भीती होती की काही फेऱ्या दीड तासाच्या आणि काही सहा तासांच्या असताना एर्लांगचं सूत्र चालणार नाही. चालतं. अडलेला कॉल दुसऱ्या गाडीकडं वळवला जातो, रांगेत थांबत नाही, असं धरलं की उत्तर फक्त सरासरी फेरीवर अवलंबून राहतं; फेऱ्या कशा विखुरल्यात याला महत्त्व उरत नाही. कॉल रांगेत थांबवले असते तर असं झालं नसतं.

म्हणून मागणी अशी मांडायची: ठरवून, वेळ सांगून हलवायच्या रुग्णांसाठी वेगळी गाडी. तातडीच्या गाडीनं लांबचं रेफर करायचं ते फक्त जीव धोक्यात असेल तेव्हाच. 

12 जुलै

गाड्या एकत्र धरल्या तर? तीन गाड्या, प्रत्येकीचे 6 कॉल, फेरी 130 मिनिटं. आपापलं गाव वाटून घेतलं तर प्रत्येक ठिकाणी 35 टक्के. दोन गाड्यांनी मिळून बारा कॉल सांभाळले तर दोन्ही बाहेर असण्याची शक्यता 22 टक्के. तिन्ही मिळून अठरा कॉल: 15 टक्के. गाडी एकही न वाढवता.

एवढ्यावर हुरळून जायला नको. दुसऱ्या तालुक्यातली गाडी मोकळी असली म्हणून ती जवळ होत नाही. इथं दुसरं गणित लागतं, ते न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलासाठी कोलेसार आणि ब्लम यांनी 1973 मध्ये मांडलेलं: सरासरी अंतर हे क्षेत्रफळ भागिले गाड्या, याच्या वर्गमुळाच्या पटीत असतं. अंतर निम्मं करायचं तर गाड्या चौपट लागतात.

सगळ्या बीड जिल्ह्याला लावून बघितलं. क्षेत्रफळ 10,693 चौरस किलोमीटर. 20 गाड्या इकडंतिकडं विखुरलेल्या धरू. सरळ रेषेत अंतर त्या वर्गमुळाच्या निम्मं, म्हणजे साडेअकरा किलोमीटर, रस्त्याच्या वळणांसाठी 1.3 नं गुणलं की 15, ताशी 35 चा वेग धरला की 26 मिनिटं. छान, तीसच्या आत. पण सूत्रातला गाड्यांचा आकडा हा मोकळ्या गाड्यांचा आहे, रजिस्टरातल्या नाही. 20 पैकी 7 बाहेर असल्या की 13 उरतात, आणि सरासरी 32 मिनिटांवर जाते. सरासरीच तीसच्या पुढं गेली, तर डोंगराच्या कडेच्या वस्तीचं काय होत असेल?

कोऱ्या रकान्याची किंमत ही.

28 जुलै

गावनिहाय लोकसंख्येसाठी 2011 ची जनगणना घेतली होती. आज एका विद्यार्थिनीनं तारीख दाखवली: मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी 2011. मी क्षणभर बघतच राहिलो. फेब्रुवारीत आमच्या गावांत माणसं असतात कुठं? दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडं, कर्नाटकात निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या सगळ्या काळात जो गावात नाही, तो जिथं असेल तिथं मोजायचा. म्हणजे धारूर, वडवणी, केजच्या किती वाड्या-तांड्यांची लोकसंख्या कोयते बाहेर गेलेले असताना मोजली गेली! पावसाळ्यात तीच गावं भरलेली असतात, आणि साप निघतात तेही पावसाळ्यातच.

आशाताईंच्या रजिस्टरवरून गावागावाचे दोन आकडे करायचे ठरलं: एक पावसाळी, एक हंगामी. काम महिनाभर वाढलं. वाढू दे.

9 ऑगस्ट

नकाशावरच्या वेळा आणि खऱ्या वेळा जुळत नाहीत. काळ्या मातीतला पांदण रस्ता पावसात चारचाकीसाठी नसतोच. ओढ्याला पाणी आलं की पलीकडचं गाव 4 किलोमीटरवरून 20 किलोमीटरवर जातं. धारूरच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की मिनिटं मोजण्यात अर्थ नाही. आम्ही गावागावाचे तीन आकडे घेतोय: कोरडा दिवस, पावसाचा दिवस, रात्र. रात्रीचा रकाना अजून रिकामा आहे.

21 ऑगस्ट

दोन दिवसांत दोन सर्पदंशांच्या कॉलांबद्दल आशाताईंशी बोललो. त्यांचं म्हणणं सरळ आहे: दिवस मावळताना आणि पहाटे. शेतातून परतताना, नाहीतर जमिनीवर झोपलेलं असताना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चौघांवर एकच प्रतिविष चालतं. तेव्हा या कॉलांसाठी 'जवळचा दवाखाना' म्हणजे जिथं प्रतिविष आहे आणि ते द्यायला डॉक्टर हजर आहे तो. मॉडेलमध्ये सर्पदंशाला वेगळा नकाशा केला.

यातून आणखी एक सुटलेली गोष्ट हाती आली. दिवसाला 6 कॉल म्हणजे तासाला 0.25. पण कॉल चोवीस तासांत सारखे वाटलेले नसतात. संध्याकाळच्या चार तासांत तासाला 0.45 धरला तर भार 0.98 होतो आणि गाडी बाहेर असण्याची शक्यता 49 टक्के. ज्या वेळी सगळ्यात जास्त गरज, त्याच वेळी दोनातला एक कॉल अडतो. सगळे तक्ते तासाप्रमाणे पुन्हा केले.

6 सप्टेंबर

आज वादाचा दिवस. हे सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढं कुणी विचारलं की तुम्ही असं का ठरवलं, तर उत्तर इथं असलं पाहिजे.

प्रश्न: एक गाडी तालुक्याच्या गावी आहे. दुसरी मिळाली तर कुठं ठेवायची? धरू की त्या गावाच्या भोवती, तीस मिनिटांच्या आत, 80 हजार माणसं आहेत, आणि डोंगरपट्ट्यात वाड्या-तांडे मिळून 20 हजार.

गाड्या कुठं ठेवायच्या याचं चर्च आणि रिव्हेल या दोन संशोधकांचं 1974 चं मॉडेल सांगतं, दुसरी डोंगरात. कारण त्यांच्या हिशोबात 80 हजारांना पहिल्या गाडीनं 'झाकलं' आहे. पण ती गाडी बाहेर गेली की 80 हजार उघडे पडतात, हे त्यात येत नाही. डॅस्किननं 1983 मध्ये ते आणलं. प्रत्येक गाडी 35 टक्के वेळ बाहेर धरली, तर दुसरी गाडी गावातच ठेवल्यानं 80 हजारांमागे आणखी 18,200 माणसांना आधार मिळतो; डोंगरात ठेवल्यानं 20 हजारांपैकी 13,000 जणांना. म्हणून दुसरी गावातच. मी फळ्यावर हे लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तिघींतली एक स्वतः तांड्यावरची आहे. ती म्हणाली, "सर, गावातल्या माणसाचा प्रश्न असा हाय की पहिली गेली तर दुसरी येईल का. आमच्याकडं पहिलीच येत नाही. दोन्ही प्रश्न एकाच तराजूत घातले तुम्ही."

मी म्हणालो, गणितात माणूस म्हणजे माणूस. गावातला आणि तांड्यावरचा सारखाच. ती गप्प बसली नाही. तिनं विचारलं, डोंगरातली गाडी पण 35 टक्के वेळ बाहेर असते, हे कुणी सांगितलं? तिला कॉलच किती येतील?

तिचा मुद्दा बरोबर होता. डॅस्किनच्या साध्या मॉडेलमध्ये सगळ्या गाड्या सारख्याच गुंतलेल्या धरतात. पुन्हा मांडलं. डोंगरात दिवसाला दीड कॉल धरू. गावातली गाडी तिथं गेली तर फेरी 190 मिनिटांची. डोंगरातच उभी असलेली गाडी असेल तर 180.

दोन्ही गाड्या गावात ठेवल्या तर त्यांना डोंगराचे कॉलही घ्यावे लागतात. एकूण भार 0.74. दोन्ही एकाच वेळी बाहेर असण्याची शक्यता 13.6 टक्के. तीस मिनिटांत मोकळी गाडी मिळू शकेल अशी माणसं: 80 हजारांपैकी सुमारे 69,100. डोंगरातल्यांपैकी शून्य, कारण तिथं तीस मिनिटांत पोचणं शक्यच नाही.

एक गावात, एक डोंगरात ठेवली तर गावातली गाडी 65 टक्के वेळ मोकळी, म्हणजे 51,900. डोंगरातली 84 टक्के वेळ मोकळी, म्हणजे 16,800. बेरीज 68,700.

लाखात फरक 400 चा. सकाळी तोच 5,200 दिसत होता. बाकीचा सगळा फरक आम्ही धरलेल्या 35 टक्क्यांनी तयार केला होता, माणसांनी नाही. आणि या हिशोबात दोन गाड्या एकमेकींच्या मदतीला जात नाहीत असंच धरलंय. ती मदत धरली तर दोन्ही गाड्या जास्त वेळ गुंततील आणि हा फरकही बदलेल.

संध्याकाळी ठरलं. पहिली अट: कुठलीही वस्ती जवळच्या गाडीच्या ठिकाणापासून 45 मिनिटांच्या पुढं नको, मग ती वस्ती कितीही लहान असो. ही अट टोरेगस आणि सहकाऱ्यांच्या 1971 च्या मॉडेलसारखी आहे, त्यात एकही ठिकाण उघडं सोडायला परवानगी नसते. ती पुरी झाल्यावर उरलेल्या गाड्या डॅस्किनच्या पद्धतीनं, पण प्रत्येक गाडीचा भार वेगळा मोजून. या अटीमुळं इतरत्र किती माणसांचा आधार कमी होतो, तो आकडा अहवालात उघड लिहायचा. निर्णय घेणाऱ्यांनी तो बघून घ्यावा. मला स्वतःला ही अट मान्य आहे, आणि का ते विचारलं तर मी फळ्यावरची सकाळची रेघ दाखवीन.

19 सप्टेंबर

प्रत्येक गाडीचा भार वेगळा मोजायला लार्सनचं 1974 चं मॉडेल घेतलं. मूळ कल्पना पोलिसांच्या गस्तीच्या गाड्यांसाठीची. प्रत्येक गाडी एकतर मोकळी नाहीतर गुंतलेली. पाच गाड्या असल्या की 32 अवस्था, दहा असल्या की 1024. पाच तालुक्यांना संगणकावर हे सहज बसतं. शिवाय पायथन या संगणकाच्या भाषेत खोट्या कॉलांचं वर्ष चालवून उत्तर ताडून पाहिलं. दोन्ही जवळजवळ जुळली. परतीचा प्रवास आहे ना, हे सगळ्यात आधी तपासलं.

30 सप्टेंबर

किल्लारीचा दिवस. 1993 ला आजच्याच दिवशी, पहाटे चारच्या सुमाराला, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं बसली. आमच्या घरातलं फडताळ हललं होतं, एवढी माझी आठवण. माझ्या मॉडेलमधला प्रत्येक कॉल दुसऱ्या कॉलापासून स्वतंत्र असतो. भूकंपात, घाटातून बस कोसळली तर, यात्रेत चेंगराचेंगरी झाली तर, तसं नसतं. पन्नास कॉल एकाच कारणानं एकत्र येतात. त्या दिवसांसाठी एर्लांगचं सूत्र वापरू नये, असं अहवालाच्या पहिल्या पानावर टाकलं. शेजारच्या जिल्ह्यांच्या गाड्या किती वेळात येऊ शकतात, याचा स्वतंत्र तक्ता सुरू केला.

18 ऑक्टोबर

गाडी बाहेर गेली की उरलेल्यांनी सरकून उभं राहायचं, हा तक्ता तयार झाला. केजची गाडी लांब गेली तर धारूरचीनं अर्ध्या वाटेवरच्या फाट्यावर यायचं. संगणकावर फायदा चांगला दिसतो.

पायलट आणि डॉक्टरांसमोर ठेवला. डॉक्टर मॅडमनी पहिल्याच ओळीवर विचारलं, "सर, या फाट्यावर संडास आहे का?" मग एकेक निघालं. सावली नाही. पावसात गाडी काळ्या मातीत रुतते. उपकरणं चार्जिंगला लावायची कुठं? रात्री दोन माणसं तिथं किती तास बसणार? मी फाटा निवडला होता तो नकाशावरचा एक ठिपका बघून.

नवा नियम: सरकायचं ते फक्त छप्पर, वीज, पाणी आणि संडास असलेल्या ठिकाणी. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, पोलीस चौकी. फायदा थोडा कमी झाला. तक्ता मात्र आता पाळला जाईल.

16 नोव्हेंबर

टोळ्या गेल्या. काल संध्याकाळी रस्त्यावर एकामागून एक ट्रॅक्टर, ट्रॉल्यांवर संसार बांधलेला, वर लेकरं, मागं शेळी. हंगामी आकडे आजपासून लागू. वाड्यांतले कॉल कमी होतील, पण मागं राहिलेले म्हातारे आहेत, आणि त्यांना गाडीपर्यंत आणायला घरात दुसरं माणूस नाही. म्हणून त्या फेऱ्यांत घटनास्थळाची 12 मिनिटं 20 धरली. उलट मोठ्या रस्त्यांवर रात्रीचा भार वाढतो: उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवे नसतात, दुचाकीवाला थेट येऊन धडकतो. रात्रीची एक गाडी वस्तीकडून रस्त्याकडं सरकवली.

23 नोव्हेंबर

नवीन लॉगबुक छापून आलं. 'मोकळी झाली' या रकान्याचे दोन रकाने झालेत: 'स्ट्रेचर मिळालं' आणि 'ठिकाणावर परतली'. ही सूचना पायलटदादांचीच. पहिल्या पानावर आठ ओळी भरल्यात, दोन्ही रकान्यांसकट.

सरकायचा तक्ता त्यांनी केबिनच्या दाराला आतून चिकटवलाय, वर पारदर्शक टेप. दिवसाच्या ओळी भरलेल्या आहेत, रात्रीच्या अजून कोऱ्या. उद्या रात्री दहाला धारूरहून निघून घाट उतरायचा, माजलगावच्या बाजूची शेवटची वस्ती गाठायची आणि परत यायचं. पायलटदादा येतायत. घड्याळ विद्यार्थिनीकडं, परतीच्या वेळेसकट.